ताईच्या यादीतले पाच गेम

बावन्न वर्षांची बाई व्हिडिओ गेम खेळते म्हटल्यावर लोक आधी हसतात आणि मग विचारतात, नातवंडांसाठी का? ताईला नातवंडं नाहीत, आणि असती तरी तिने आपला कंट्रोलर त्यांच्या हाती लागू दिला नसता. ती खेळते ती स्वतःसाठी, गेली चाळीस वर्षं, आणि अशी खेळते की समोरच्याला पळता भुई थोडी होते. नवरा बिचारा सोफ्याच्या कडेला बसून पुस्तक वाचतो आणि मधूनच विचारतो, "जिंकलीस का गं?" तो वाचनालयात कामाला आहे. आरडाओरडा त्याला सोसत नाही, पण बायकोचा सोसतो.

दिवसा ती दात करते. दातांचे डॉक्टर माप घेऊन साचा पाठवतात, त्यावरून कॅपा आणि कवळ्या बनवणारी एक दोन खोल्यांची लॅब आहे, तिथे मेणाची दाढ कोरायचं काम तिचं. स्पिरिटच्या दिव्यावर बारीक चाकू तापवायचा, मेणाचा थेंब उचलायचा, साच्यावर ठेवायचा आणि दाढेच्या माथ्यावरचे उंचवटे नि खाचा कोरायच्या. केसाएवढं मेण जास्त राहिलं, तर कुठला कोण अनोळखी माणूस महिनाभर तिच्या नावाने बोटं मोडत घास चावणार. लॅबमध्ये तिच्या जोडीला एकच माणूस. तो धातू ओतायची भट्टी सांभाळतो म्हणून त्याचं नावच भट्टीवाला पडलं आहे. बाईंच्या बोटांना डोळे आहेत, असं तो येईल त्याला सांगायचा.

आणि ऑगस्टमध्ये ती बोटं थरथरायला लागली.

पहिल्यांदा तिला वाटलं, दिव्याची ज्योत हलते आहे. मग वाटलं, चहा जास्त झाला. चहा सोडला, थरथर राहिली. मग मात्र ती घाबरली, कारण ही थरथर तिच्या घरात आधी येऊन गेली होती. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. हातभर उंचीचं अक्षर पट्टी न लावता सरळ काढणारा माणूस, आणि चोपन्नाव्या वर्षी हात कापायला लागला. कंपवात, डॉक्टर म्हणाले. त्यांच्या शेवटच्या पाटीवर दुकानाचं नाव मोठ्या अक्षरात सुरू झालं होतं आणि शेवटाला पोचेपर्यंत बोटाएवढं झालं होतं. दुकानदार भला होता, त्याने ती तशीच लावली. ताई मात्र पुढे कितीतरी वर्षं त्या रस्त्याने गेली नाही.

आता शहाणी बाई असती तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठती. पण भीती बसली की शहाणपण आधी पळतं. ताईने तोंडाला कुलूप घातलं. लॅबमध्ये डोळे शिणतात म्हणून कुरकुर सुरू केली आणि प्लास्टर ओतायचं, कवळ्या घासायचं जाडंभरडं काम ओढून घेतलं. नाजूक काम आलंच, तर दोन्ही कोपरं टेबलावर रोवून, करंगळीला करंगळी टेकवून, श्वास रोखून करायची. एका दाढेला तीन तास लागायला लागले. घरी चहाचे कप अर्धेच भरायची, म्हणजे नेताना हिंदकळायला नकोत. नवऱ्याला वाटलं, आपलं पोट सुटलंय म्हणून ही चहा कमी देते आहे. तो निमूटपणे घरासमोरच्या रस्त्याला फेऱ्या मारायला लागला.

राहता राहिला भाऊ. सेहेचाळीस वर्षांचा, अंगाने दणकट आणि तरीही ताईच्या तोंडी बारक्याच. पाच तासांवरच्या शहरात तो लिफ्ट दुरुस्त करतो. दर शनिवारी संध्याकाळी दोघं आपापल्या घरी बसून, कानाला हेडफोन लावून, गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायची. पुलावरचं एक अवघड वळण होतं, तिथे ताई ब्रेक न दाबता आत घुसायची आणि बारक्या कठड्यावर आदळायचा. नीट सरळ लढून तो तिच्यावर एकदाही जिंकला नव्हता. सप्टेंबरात एका शनिवारी तीच कठड्यावर आदळली, लागोपाठ चार वेळा. त्यानंतर दर शनिवारी तिचं एकच गाऱ्हाणं, नेट बरोबर नाही. मग एकेक करत शनिवारच बंद पडले. बारक्याला वाटलं, ताईला आपला कंटाळा आला. हे त्याला फार लागलं होतं, पण मोठ्या बहिणीला असं विचारायचं कसं, म्हणून तोही गप्प बसला.

एक रीत मात्र दोघांनी कधी मोडली नव्हती. वर्षाच्या शेवटच्या रविवारी दोघांनी वर्षभरातले आपले लाडके पाच गेम कागदावर हाताने लिहायचे, का आवडले ते एकेका ओळीत लिहायचं, आणि यादी एकमेकांना द्यायची. लहानपणी घरात एकच मशीन होतं, पुढचा गेम कुठला आणायचा यावरून झिंज्या उपटायची वेळ यायची, म्हणून वडिलांनी ही तोड काढली होती. तेव्हा यादी जेवणाच्या टेबलावर सरकवायची, आता फोटो काढून पाठवायची, एवढाच काय तो फरक. नियम एक, वडिलांनीच घातलेला: यादीत खोटं चालत नाही. न आवडलेला गेम भाव खायला म्हणून लिहायचा नाही.

त्या रविवारी दुपारी ताईने यादी पाठवली, तीही फोनवर टाइप करून. पेन सापडत नाही म्हणाली.

बारक्याने यादी वाचली. पहिला नंबर टपालवालीचा. एका बेटावर घरोघरी पत्रं वाटत हिंडायचं. ताईची ओळ: संध्याकाळपर्यंत पोचलं नाही तर उद्या जा, कुणी रागवत नाही. दुसरा, घर बदलणाऱ्या लोकांचं सामान ट्रकमध्ये रचण्याचा: घड्याळ नाही, हवा तेवढा विचार करा. तिसरा बागेचा: बी टाकून वाट बघायची. चौथ्यात एका मेलेल्या वकिलाची कागदपत्रं वाचत त्याचा खुनी शोधायचा: फक्त पानं उलटायची. आणि पाचवा मासेमारीचा. त्याच्यापुढे ताईने लिहिलं होतं: मासा गळाला लागला की कंट्रोलरच थरथरतो, त्यामुळे बरं वाटतं.

बारक्या आधी हसला. ज्या बाईने उभ्या आयुष्यात दुसऱ्याला पुढे जाऊ दिलं नाही, ती बाग लावते आहे आणि पत्रं वाटते आहे म्हणजे म्हातारपण आलं. त्याने तसं चिडवायला टाइपसुद्धा केलं. पण हा लिफ्टवाला. लिफ्ट बंद पडायच्या आधी महिनाभर कुरकुरते आणि आतली माणसं म्हणतात, नेहमीचाच आवाज आहे, हे ऐकण्यात त्याचा जन्म गेलेला. त्याने यादी पुन्हा वाचली. पाच गेम, आणि पाचांपैकी एकातही बोट चटकन हलवावं लागत नाही. अक्षर हाताचं नाही. कंट्रोलर थरथरला की बरं का वाटावं माणसाला? आपला हात थरथरला तर कळत नाही म्हणून. त्याने टाइप केलेलं पुसलं.

गंमत बघा. ताईने शर्यतीचा गेम पहिल्या नंबरावर ठोकून दिला असता, तर तिला कुणी पकडलं नसतं. पण वडिलांचा नियम मोडवला नाही, आणि खरी यादी लिहूनही ती कुणाला कळणार नाही असा तिचा भाबडा हिशेब. कोंबडं झाकून सूर्य उगवायचा राहतो होय?

फोन केला तर ही टोलवणार, हे बारक्याला ठाऊक होतं. सोमवारी पहाटेची बस पकडून तो साडेदहाला लॅबच्या दारात उभा राहिला. ताई कोपरं रोवून दाढेवर वाकली होती.

"ताई, हात पुढे कर."

"अरे, तू कधी आलास? थांब, मेण गार होतंय."

"होऊ दे गार. हात पुढे कर."

भट्टीवाल्याने एकदा दोघांकडे पाहिलं आणि काहीतरी आणायचं निमित्त करून तो बाहेर गेला. ताईने चाकू खाली ठेवला, हात पुढे केले. दहाही बोटं बारीक थरथरत होती.

"कधीपासून?"

"ऑगस्ट."

"आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की खरं होतं रे," ताई म्हणाली, आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा रडली. बारक्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तोही नाक ओढत उभा राहिला.

दुपारी नवऱ्यालाही सांगावं लागलं. त्याला पहिलं काय सुचावं, तर म्हणे, म्हणजे माझं पोट तसं ठीक आहे? मग मात्र तो, आपण समोर बसून पाच महिने पुस्तकं काय वाचत होतो, असं स्वतःलाच विचारत राहिला. मंगळवारी तिघं मेंदूच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर बाई होत्या, वयाने ताईहून लहान. त्यांनी ताईला चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, मग पसरलेल्या हातांवर एक कोरा कागद ठेवला. कागद पानासारखा फडफडला. तिघांनीही माना फिरवल्या. मग डॉक्टरांनी तोच कागद टेबलावर ठेवून पेन दिलं आणि म्हणाल्या, चारपाच ओळी लिहा, काहीही चालेल. ताईला काही सुचेना. तिने आपली पाच गेमांची यादी लिहून काढली.

डॉक्टरांनी ती वाचली आणि विचारलं, "वडिलांचा हात कधी कापायचा? काम करताना, की नुसते बसलेले असताना?"

ताईने डोळ्यांसमोर वडील आणले. संध्याकाळी खुर्चीत बसलेले, मांडीवर उजवा हात, आणि तो एकटाच कापतो आहे. पेला उचलला की थांबायचा. "नुसते बसलेले असताना," ती म्हणाली.

"आता तुमचे हात बघा."

ताईने खाली पाहिलं. तिचे हात मांडीवर पडले होते. स्वस्थ होते. पाच महिने तिने हातांवर पाळत ठेवली होती, पण ती सगळी काम करताना. रिकामे हात बघायचं तिला सुचलंच नव्हतं.

"आणि हे अक्षर," डॉक्टर म्हणाल्या. "डळमळतंय, पण पाचव्या ओळीपर्यंत लहान झालेलं नाही. कंपवातात अक्षर बारीक होत जातं."

ते या तिघांना कुणी सांगायची गरज नव्हती, वडिलांची शेवटची पाटी कुणी विसरलं नव्हतं. डॉक्टरांनी पुढे विचारलं, वजन उतरलंय का, छाती धडधडते का, थंडीतही उकडतं का. सगळ्याला हो. नवरा म्हणाला, ही डिसेंबरात पंखा लावते, मी दोन पांघरुणं घेतो. डॉक्टरांनी गळा चाचपला आणि सांगितलं की हे बहुतेक थायरॉइडचं दुखणं आहे, गळ्यातली ग्रंथी जास्त जोरात चालते आहे, रक्त तपासू म्हणजे कळेल. गोळ्यांनी बरं होतं हे. फक्त धीर धरावा लागेल.

दोन दिवस तिघांनी कसे काढले ते विचारू नका. गुरुवारी दुपारी लॅबमध्ये फोन वाजला. ताईने ऐकलं, बरं म्हणाली, फोन ठेवला आणि भट्टीवाल्याला म्हणाली, थायरॉइडच आहे. भट्टीवाल्याला यातलं काही माहीत नव्हतं. दुखणं निघाल्यावर एवढं हसणारं माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिलं. घरी बारक्याने बातमी ऐकली, जीव भांड्यात पडला म्हणाला, आणि नवऱ्याच्या वाटणीची पोळीही खाऊन टाकली. त्या संध्याकाळी चहाचे कप काठोकाठ भरले गेले. बशीत सांडला तो सांडला.

जानेवारी गेला, फेब्रुवारी आला. गोळ्यांनी छातीची धडधड आधी थांबली, मग हळूहळू थरथर उतरत गेली. एका सकाळी ताईने एक कोपर टेबलावरून उचललं, मग दुसरं, आणि तासाभरात दाढ संपवली. भट्टीवाल्याने ती उजेडात धरून पाहिली आणि तशीच ओतायला घेतली.

त्या शनिवारी तिने बारक्याला निरोप धाडला: ये मैदानात. पहिल्या शर्यतीत दोघं बरोबरीने पुलापर्यंत आली. वळण आलं. ताईने ब्रेक दाबला नाही. तिची गाडी कठड्याला चाटून सरळ बाहेर पडली, आणि मागे बारक्या दाणकन आदळल्याचा आवाज आला.

ताई शेवटची रेघ ओलांडून गेली. मग हेडफोनमध्ये कुणीतरी नाक ओढलं.

"काय झालं रे बारक्या?"

"काही नाही," तो म्हणाला. "आज माझ्याकडे नेट बरोबर नाही."