काकांच्या फोनचा स्पीकर

"पार्ट खराब आहे," असं म्हणून काका फोन कानापासून काढायचे, हातभर लांब धरायचे आणि उशिरा कामावर आलेल्या माणसाकडे फोरमननं बघावं तसे त्याच्याकडे बघायचे. मग फोनच्या खालच्या कडेला जी बारीक भोकं असतात त्यांवर जोरात फुंकर मारायचे. पुन्हा कानाला लावायचे, पुन्हा काढायचे. "आवाज नाही येऊन राहिला. स्पीकर गेला पाह्य."

तुमच्याही शेजारात असं एखादं माणूस असेलच. वस्तू बिघडली की दुकानात न नेता घरीच उघडून बसणारं. लांबून बघायला मजा वाटते. पण अशा माणसाच्या डोक्यावरच्या मजल्यावर आपण राहत असलो, तर टॉर्च धरायला आपल्यालाच बोलावलं जातं.

रायपूरच्या बूढापारा मोहल्ल्यात एका जुन्या घरात मी वर भाड्यानं राहते. काका खाली राहायचे. मी एका सरकारी कचेरीत टपालाची आवक-जावक बघते. संध्याकाळी घरी येते तेव्हा चपला काढायचासुद्धा कंटाळा आलेला असतो. नेमके तेव्हाच काका जिन्याच्या पायरीशी उभे असायचे. "आली का ताई? च्या घे अर्धा कप. अन् जरा टॉर्च धरतं का?" चहा आधी, टॉर्च मागून, हा क्रम ठरलेला. चहाला नाही म्हणायची ताकद माझ्यात नसे, त्यामुळे टॉर्चलाही म्हणता येत नसे.

आमच्यासारखीच काकांची मंडळीही विदर्भातली, भंडाऱ्याकडची. लग्न झाल्या झाल्या काकूंना घेऊन ते इकडे आले आणि सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले ते निवृत्त होईपर्यंत. तिथं मशीन चालू असली की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू यायची सोयच नाही. सगळे हातांनी खुणा करून आणि एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलायचे. काकांना ती सवयच लागली. समोर बसलं की ते डोळ्यांकडे बघत नसत, तोंडाकडे बघत. सुरुवातीला मला वाटायचं, माझ्या दाताला काहीतरी चिकटलंय. मी दोन-तीनदा तोंड धुऊनही आले होते.

पहिला स्पीकर खरोखरच खराब होता, हे मी शपथेवर सांगते. पलीकडचं माणूस बोललं की कढईत काहीतरी टाकल्यासारखा चरचर आवाज यायचा. काकांनी नवीन स्पीकर मागवला आणि जमिनीवर चादर अंथरून बसले. फोनचं मागचं झाकण गोंदानं चिकटवलेलं असतं, ते गरम केल्याशिवाय निघत नाही. काकांनी त्यावर फडकं टाकलं आणि सरळ इस्त्री फिरवली. मी म्हटलं, झालं, आता फोनची चपाती होणार. पण निघालं झाकण. आत मोहरीपेक्षा लहान स्क्रू. हातभर लांबीच्या पान्यानं नटबोल्ट फिरवलेली ती जाड बोटं चिमट्यात एक-एक स्क्रू पकडायला बघायची आणि स्क्रू टुणकन उडून चादरीच्या फुलांत नाहीसा व्हायचा. मग आम्ही दोघं चादरीवर ओणवे. माझ्या कंबरेचं काय व्हायचं ते मी सांगत नाही.

स्क्रू ठेवायला त्यांनी काकूंचा मसाल्याचा डबा काढला होता. काकू वारल्यापासून काका भाजीत फक्त तिखट-मीठ घालायचे, त्यामुळे डबा रिकामाच होता. जिऱ्याच्या वाटीत लांब स्क्रू, हळदीच्या वाटीत आखूड. "लांब स्क्रू आखूडच्या जागी गेला का बोर्ड गेला समज," हे ते मला दर वेळी नव्यानं सांगत आणि मी दर वेळी नव्यानं मान हलवत असे. हळदीची वाटी कितीही धुतली तरी पिवळी ती पिवळीच. काकांच्या फोनात जाणारे आखूड स्क्रू सगळे हळद लागलेले होते.

स्पीकर बसला. मी माझ्या फोनवरून त्यांना फोन लावून 'हॅलो' म्हटलं, तर माझाच आवाज खोलीभर घुमला. काकांनी फोन कानाला लावला, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, "कमीच आहे थोडा."

मग दुसरा स्पीकर आला. मग कानाशी असतो तो वरचा बारका स्पीकर आला. मग पुन्हा खालचा. "डुप्लिकेट पार्ट देऊन राहिले हे लोक," काका म्हणायचे आणि इस्त्री गरम करायला लावायचे. मला खरंच कंटाळा यायचा. दिवसभर लोकांची पाकिटं फोडायची आणि संध्याकाळी काकांचा फोन.

"काका," एकदा मी म्हटलं, "एकदा कान दाखवून घ्या ना."

"कान काहून? कानाले काय झालं?" ते माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले. "तू बोलून राहिली, मी ऐकून राहिलो. का नाही? समोर सगळं ऐकू येते, फोनवर येत नाही. मंग खराबी कुठं आहे? फोनातच आहे ना?"

यावर तुम्ही काय उत्तर दिलं असतं? मी आपली इस्त्री गरम करायला लावली.

एकदा मीच त्यांना आग्रह करून बाजारातल्या एका मोबाइलच्या दुकानात नेलं. दुकानदारानं फोनवर एक गाणं लावलं, तसं रस्त्यावरचं माणूस वळून बघायला लागलं. "अंकल, स्पीकर तो मस्त है," तो म्हणाला. "आप अपना कान दिखाओ किसी को." काकांनी फोन उचलून खिशात टाकला. परतताना बूढा तलावाच्या काठानं आम्ही चालत आलो. एरवी तिथं चार ओळखीचे भेटत आणि काका प्रत्येकापाशी थांबत. त्या दिवशी कुणापाशी थांबले नाहीत. घराशी आल्यावर एवढंच म्हणाले, "त्याले काही समजत नाही." त्यानंतर त्यांचा फोन कुठल्या दुकानात गेला नाही.

कानांचं त्यांना माहीत नव्हतं असं नाही. एका संध्याकाळी स्क्रू शोधता शोधता त्यांनी स्वतःच सांगितलं. मुलगी नागपूरला शाळेत शिकवते. काकू गेल्यावर ती न्यायला आली होती. काका म्हणाले होते, "मी इथून निघीन तं चौघांच्या खांद्यावर." काकूंबरोबर ज्या खोलीत संसार मांडला, ती सोडून कुठं जायचं नव्हतं त्यांना. शब्दानं शब्द वाढला. मुलगी रडत परत गेली आणि कितीतरी महिने तिनं फोनच केला नाही. मग केव्हातरी दर रविवारी तिचा फोन पुन्हा येऊ लागला.

"तिले कळलं ना का मले ऐकू येत नाही," काका खाली चादरीकडे बघत म्हणाले, "तं म्हणन, बाबा आता एकटे नाही राहू शकत. घेऊनच जाईन मले. म्हणून म्हणतो, स्पीकर चांगला पाहिजे."

त्या दिवसापासून मी टॉर्च जरा नीट धरायला लागले.

पण स्पीकर किती चांगला आणणार? व्हिडिओ कॉलवर तिचे ओठ दिसले असते. पण मुलगी रविवारी सकाळी स्वयंपाक करता करता बोलायची, फोन ओट्यावर आडवा टाकून. "व्हिडिओत मले तिच्या घरचा पंखाच दिसते," काका म्हणायचे. मग त्यांनी आपली एक युक्ती काढली. छत्तीसगढीत 'हो'ला 'हव' म्हणतात, आणि इतकी वर्षं इथं राहून तो शब्द आमच्याही जिभेवर बसलाय. फोन आला की काका पायरीवर बसत, आवाज पूर्ण मोठा करत, "जय भीम बेटा" म्हणत आणि पलीकडचं बोलणं जरा थांबल्यासारखं वाटलं की म्हणत, "हव, हव." तिकडून काय आलं कोण जाणे. इकडून हव. मुलीला वाटत असणार, बाबा आता निवळले.

गंमत अशी, की इतके स्पीकर बदलल्यावर त्या फोनचा आवाज असा खणखणीत झाला होता की मुलीचं बोलणं सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. नातवाचा ताप, जावयाची बदली, नागपुरातलं ऊन, सगळं आम्हाला ठाऊक. समोरची भाजीवाली एकदा मला हसत म्हणाली, "बेटी के गोठ ला पूरा पारा सुनत हे, कका भर नइ सुनय." सगळा मोहल्ला ऐकतो, काका तेवढे ऐकत नाहीत. मीही हसले. नंतर भाजी निवडताना ते आठवून वाईट वाटलं.

आणि मग तो रविवार. मी वर कपडे वाळत घालत होते. खाली काका पायरीवर. मुलीचा आवाज स्वच्छ वर येत होता.

"बाबा, मी पुन्हा इचारते, रागवू नका. इकडंच या ना आता. कायमचे. एक खोली तुमच्यासाठी खाली केली आहे. येता का?"

काका म्हणाले, "हव, हव बेटा."

पलीकडं भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग हुंदका ऐकू आला. "खरंच म्हणता, बाबा? येऊ घ्यायला? पुढच्या रविवारी येऊ?"

"हव," काका म्हणाले. "ठेवतो मंग."

ओलं लुगडं हातात घेऊन मी तशीच खाली गेले. त्यांच्या समोर बसले, म्हणजे माझं तोंड त्यांना नीट दिसावं. "काका, तुम्ही नागपूरले चालले?"

"काहून? कोण म्हणते?"

"तुम्हीच म्हटलं आता. तिनं इचारलं, कायमचे येता का. तुम्ही हव म्हटलं. पुढच्या रविवारी घ्यायला येऊन राहिली ती."

काका माझ्या ओठांकडे बघत राहिले, आणखी काही यायचं असेल म्हणून. मग त्यांनी फोनकडे पाहिलं. फुंकर नाही मारली.

"तिले फोन लावा," मी म्हटलं. "सांगा, मले ऐकू नाही आलं. एवढंच तं सांगायचं आहे."

"तेच सांगितलं तं घेऊनच जाईन ना," ते म्हणाले. आणि हसले, जमलं तेवढं. खरंच होतं ते. कुठूनही गेलं तरी नागपूरच.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "काय म्हणे ती? मी हव म्हटल्यावर?"

"रडली, काका. खुशीनं."

त्यांनी लुगड्याचं पाणी टपटपत होतं तिकडे बघितलं. "मंग राहू दे," ते म्हणाले. "जा, वाळू घाल ते."

तो आठवडाभर मी कचेरीतून आले की पायरीशी काका उभे. चहा ठरल्याप्रमाणे, पण टॉर्चचं नाव नाही. मला टॉर्च धरायचा केवढा कंटाळा होता, आणि आता कुणी धर म्हणत नाही तर चहा संपला तरी मी तिथंच बसून राहत असे. खोलीतलं सामान त्यांनी वाटून टाकलं. पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर एका पिशवीत बांधले, ते मात्र सोबत ठेवले. मसाल्याचा डबा माझ्या हातात दिला. "तिच्या घरी सगळे डबे आहेत," म्हणाले.

रविवारी मुलगी गाडी घेऊन आली. काकांसारखंच रुंद कपाळ. तिनं माझे दोन्ही हात धरले. "ताई, किती वर्षं मी वाट पाहत होती. शेवटी स्वतःच्या मनानं हो म्हटलं बाबांनी. कोणाचं ऐकलं नाही, माझं ऐकलं."

काका गाडीत बसले होते, काचेपलीकडे. ऐकू येणं शक्यच नव्हतं. पण ते माझ्या तोंडाकडे बघत होते, एकटक, कारखान्यात बघत असतील तसे. मी काय बोलते ते त्यांना बघायचं होतं.

मी ओठ नीट हलवून म्हटलं, "हो. तुमचंच ऐकलं त्यांनी."

काकांनी मान हलवली आणि नजर समोरच्या रस्त्याकडे वळवली. गाडी तलावाच्या वळणावरून गेली तेव्हा त्यांचा हात काचेशी वर झाला. कुणी ओळखीचं दिसलं असेल.

आता संध्याकाळी मी घरी येते, चपला काढते आणि सरळ वर जाते. खालच्या खोलीत नवीन माणसं आलीत, त्यांचं काही बिघडलं की ते दुकानात नेतात. डब्यात मी पुन्हा मसाले भरले. भरण्याआधी वाट्या धुतल्या, तर हळदीच्या वाटीच्या कडेला एक आखूड स्क्रू चिकटलेला निघाला. म्हणजे काकांच्या फोनात एक कमी आहे. तो मी भिंतीतल्या देवळीत ठेवलाय.

परवा रविवारी मी त्यांना फोन लावला. "जय भीम" झालं, तब्येत विचारली, नातवाचं विचारलं. दर वेळी तिकडून "हव, हव." मला सगळं समजत होतं, तरी मी बोलत राहिले. शेवटी म्हटलं, "काका, करमते का तिकडं?"

"हव."

"अन् इकडं परत केव्हा येता?"

 मागं कुकरची शिटी झाली, कुणीतरी त्यांना जेवायला हाक मारली. ती हाकही त्यांना ऐकू गेली नसणार.

"हव," काका म्हणाले, "हव बेटा."