मोजणीकाकांची हिरडबोडी

मोजणीकाका नुसते चालत नसत, मोजत चालत. गोंदियात स्टेशनजवळ माझं सायबर कॅफे होतं. तिथे ते पहिल्यांदा आले तेव्हा दारापासून खुर्चीपर्यंत ओठ हलवत आले आणि नमस्काराच्या आधीच म्हणाले, "अकरा पावलं. दुकान लहानच आहे गा तुहं." आयुष्यभर जमिनीची मोजणी करून ते निवृत्तीनंतर दवनीवाड्याला राहत होते. दर मंगळवारी कामाधामाला गोंदियाला आले, की परतीच्या बसची वेळ होईपर्यंत माझ्याकडे टेकत.

कॅफेत कॉलेजची पोरं लढाईचा एक खेळ खेळत. जुन्या काळचे राजे, हत्ती, तोफा. एकदा काका चष्मा पुसून पडद्याजवळ गेले आणि भडकलेच. त्या खेळातल्या हिंदुस्थानात नागपूरच्या पूर्वेला नुसती वाळू होती, वैनगंगेचा पत्ताच नव्हता. "इथं रेती कोनं टाकली? काऊन टाकली? आपल्या इकडे धान होते बाप्पा!" पोरं खिदळली. काका हसले नाहीत. "नकाशा खोटा असन तं फौज चिखलात फसते," म्हणाले.

खेळासोबत नवे नकाशे बनवायची सोय होती आणि मला तो नाद होता. मी फुशारकीने म्हणालो, "काका, तुम्ही कागदावर काढा, मी खेळात टाकतो." पुढच्या मंगळवारी ते काखेत गुंडाळी घेऊन हजर! नदी, नाले, तलाव, सगळं पेन्सिलीने रेखलेलं. नदीच्या वळणावर एक ठिपका होता: हिरडबोडी. काकांचं जन्मगाव. ते तरुण असतानाच धरणाच्या पाण्याखाली गेलेलं.

"खेळ जुन्या जमान्याचा ना? तवा धरन कुठं होतं? मंग माहं गाव पाहिजे," ते म्हणाले. मी ठिपक्याच्या जागी पहिलं घर टाकलं.

त्यानंतरचे कित्येक मंगळवार ते माझ्या शेजारी बसून गाव सांगत होते. त्यांच्या घरापासून तळ्याच्या पाळीपर्यंत, म्हणजे मातीच्या बांधापर्यंत, एकशे चाळीस पावलं. मी एकदा तळं अंदाजाने टाकलं, तर त्यांनी पुसायला लावलं. "चुकीची मोजनी पुन्हा करता येते. खोटी मोजनी नाही करता येत." गाव पूर्ण झालं त्या दिवशी ते पडद्याकडे बघत बसले आणि त्यांची बस चुकली. मोठ्या बहिणीला ते बाई म्हणत. "बाईले आनतो दाखवाले," एवढंच बोलले.

आणि मी काय केलं? पोरं कुरकुरत होती, "भैया, हाथी तालाब में अटक रहे हैं, हटाओ ना यार." गिऱ्हाईक तुटू नये म्हणून मी तळं काढलं, मग गावही काढलं आणि तिथे सपाट मैदान केलं. जुना नकाशा वेगळा ठेवायला एक मिनिट लागलं असतं. मी ते मिनिटही दिलं नाही.

पुढच्याच मंगळवारी काका बाईंना ऑटोने घेऊन आले. बाई नवं लुगडं नेसून आल्या होत्या. मी पडद्यावर नकाशा उघडला आणि बेशरमपणे सांगितलं, "काका, व्हायरस आला. सगळं गेलं."

काकांनी वाकून पाहिलं. नदीचं वळण त्यांनी सांगितलं तसंच होतं. नालाही जागेवर होता. "व्हायरसनं नदी ठेवली," ते हळूच म्हणाले, "गाव तेवढं खाल्लं."

बाईंनी भाबडेपणाने विचारलं, "इथंही धरन आलं का गा?"

काका रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बाईंचा हात धरला आणि दोघं निघून गेले. त्या दिवशी काकांनी पावलं मोजली नाहीत.

काकांचा कागद माझ्याकडेच राहिला होता. त्यावरून मी आठवड्याभरात गाव पुन्हा उभं केलं, पण दवनीवाड्याला जायची हिंमत होईना. उद्या जाऊ, पुढच्या मंगळवारी जाऊ, असं करत वर्ष काढलं. मग तिकडच्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं, की आधी बाई गेल्या आणि त्यांच्या पाठोपाठ काकाही.

कॅफे बंद होऊन बरीच वर्षं झाली. दर नव्या कॉम्प्युटरवर मी सगळ्यात आधी तो नकाशा चढवतो. काकांच्या घरासमोर एक शिपाई उभा करतो आणि त्याला तळ्याकडे चालवतो. तो पाळीवर पोचतो तेव्हा माझी मोजणी एकशे चाळीस भरते. पण ती बरोबर आहे का, हे सांगणारं आता कुणी नाही.