पत्रिकेतला दिवाना

लग्नपत्रिकेचं प्रूफ हातात आलं की मावशी पदरानं चष्मा पुसायच्या, प्रत्येक नावावर बोट ठेवत खालपर्यंत यायच्या आणि गिऱ्हाइकाला विचारायच्या, "अन् सुटलं कोण?"

औरंगपुऱ्यातल्या पत्रिकांच्या त्या दुकानात मी कॉम्प्युटरवर बसायचो. शेजारच्या टेबलावर मावशी प्रूफं तपासायच्या. आपल्याकडच्या पत्रिका तुम्हाला ठाऊकच आहेत. नवरा-नवरी चार ओळींत उरकतात. सरपंच, चेअरमन, वकीलसाहेब आणि आजोळची मंडळी मात्र पानभर पसरूनही मावत नाहीत.

एकदा मावशींनी एका गिऱ्हाइकाला फोन करून कळवलं, की तुमच्या आत्याचं नाव राहिलंय. आत्याशी त्या घराचं बोलणंच बंद होतं. गिऱ्हाईक भडकलं, मग मालक भडकले. मावशी म्हणाल्या, "मला काय म्हाईत? आत्या हाय म्हणल्यावर नाव पायजे." मालक त्यांना सरळ दिवानी म्हणायचे. या शहरात जरा तऱ्हेवाईक वागलं की हा शब्द चिकटलाच म्हणून समजा.

एका दुपारी खुलताबादकडचे एक शेतकरी मुलीला घेऊन आले. तिच्याच लग्नाची पत्रिका होती. मावशींचं बोट खालपर्यंत आलं, प्रश्न झाला. मुलगी हळूच म्हणाली, "काकाचं नाव नाय."

"त्यो दिवाना हाय, बाई," वडील म्हणाले. "फाट्यावर हुबा राहतो अन् येईल त्या बसला हात हलवतो. समदं गाव हसतंय. उद्या सोयऱ्यांनी विचारलं तर काय सांगू?"

मुलीचे डोळे भरून आले होते. मावशींनी चष्मा काढून ठेवला. लहानपणी शेजारच्या चाचींकडे त्या उर्दू शिकल्या होत्या.

"दादा, फारसीत देव म्हंजे राक्षस. त्यानं पछाडलं त्यो दिवाना, असा आलाय हा शब्द. अन् तुमच्याच खुलताबादला दर्ग्यात विचारा, अल्लाच्या नादी लागलेल्यालाबी दिवानाच म्हणत्यात. तुमच्या भावाला कशानं धरलंय?"

मुलगीच बोलली. "मी शाळेला शहरात यायचे, तवा काका बसवर सोडायला यायचा. बस दिसेनाशी होईस्तोवर हात हलवायचा. माझी शाळा संपली, त्याचं काय थांबलं नाय. बसमधी दुसऱ्याची लेकरं हायेत की, म्हणतो."

वडिलांनी प्रूफ स्वतःकडे ओढलं. हे त्यांना आठवतच नसावं. मग म्हणाले, "माझ्या नावाखाली घाला. ठळक अक्षरात."

तेव्हा मला मावशींचा फार अभिमान वाटला.

यंदा धाकटीच्या पत्रिकेसाठी ते शेतकरी पुन्हा आले. सोबत इस्त्रीचा शर्ट घातलेला तो भाऊ होता. मावशी मात्र मागच्याच वर्षी पुण्याला लेकीकडे राहायला गेल्यात. त्यांच्यावाचून दुकानात करमत नाही, हे मी मालकांनाही सांगून टाकलंय.

भावानं रिकाम्या टेबलाकडे पाहिलं. "माझं नाव घालाया लावलं त्या बाई कुठं गेल्या?"

मी सांगितलं.

"मंग त्याच सुटल्या की. त्यांचं नाव घाला पत्रिकेत."

मी हसून वडिलांकडे पाहिलं. ते हसत नव्हते. "घाला," ते म्हणाले.

सरपंच आणि वकीलसाहेबांना थोडं सरकवून मी मधे टाइप केलं : मावशी, औरंगपुरा.