टकटकबाईचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र

आता मोबाइलवर नमुना मिळतो म्हणे, नाव भरा की प्रतिज्ञापत्र तयार! परवा आमच्या सूनबाईंनी असंच एक आणलं आणि न वाचताच सही ठोकली. माझं डोकंच फिरलं. मावशी असती तर तिने पोरीला समोर बसवून चांगली सोलून काढली असती.

माझी मावशी कोर्टाच्या आवारात, पत्र्याखाली टाइपरायटर घेऊन बसायची. सगळे तिला टकटकबाई म्हणायचे. माझी आई लवकर गेली, म्हणून मी मावशीच्याच खोलीत वाढले. कॉलेज सुटलं की थेट तिच्याकडे. तो शाईच्या फितीचा वास, कार्बनने निळी झालेली तिची बोटं, ओळ संपली की वाजणारी ती घंटी... अजून आठवलं की जीव कासावीस होतो.

लोक यायचे ते घाईत. "बाई, लग्नाआधीचं नि नंतरचं नाव माझंच, एवढं लिहून द्या ना." ती आधी त्यांना मुद्रांक आणायला पिटाळायची, ओळखपत्र बघायची आणि मग खोदून खोदून विचारायची, "हे तुला स्वतःला माहीत आहे, की कुणी सांगितलं?" माहीत असलेलं वेगळं लिहायची, ऐकलेलं वेगळं, आणि कुणाकडून ऐकलं तेही. मग सगळं मोठ्याने वाचून दाखवायची. सही मात्र करू द्यायची नाही. "थांब रे बाबा, कसली घाई! सही नोटरीसाहेबांसमोर, शपथ घेऊन. मग शिक्का. आणि खोटं निघालं तर तुरुंगाची हवा खाशील, मी भेटायला यायची नाही!"

एवढी खमकी बाई, पण स्वतःचं एक प्रतिज्ञापत्र तिने वर्षानुवर्षं टाळलं.

काका, म्हणजे तिचा नवरा, ट्रक चालवायचे. एकदा माल घेऊन गेले ते गेलेच. ट्रक सापडला, माणूस नाही. पोलिसांत तक्रार झाली, शोधाशोध झाली, काही हाती लागलं नाही. मावशीपुढे कुणी तो विषय काढायचा नाही.

मग आमची इमारत विकली गेली. नवा मालक म्हणाला, खोली काकांच्या नावावर आहे. त्यांना आणा, नाहीतर ते हयात नाहीत असं कोर्टाकडून ठरवून आणा, नाहीतर चालू लागा. आम्हा दोघींना दुसरं छप्पर नव्हतं. मावशी कशीबशी ओळखीच्या वकीलबाईंकडे गेली. त्या म्हणाल्या, "सात वर्षं उलटून गेलीत. इतक्या वर्षांत तुम्हाला त्यांची खबर नाही, एवढंच शपथेवर सांगा. ते गेले असं तुम्ही म्हणायचंच नाही. ते कोर्ट ठरवेल."

मावशीचा जीव भांड्यात पडला. तिने यंत्रात कागद घातला, भराभर टाइप केलं आणि शेवटाला थांबली. "किल्लीवाल्याचं राहिलं की."

शेजारच्या पत्र्याखाली किल्ल्या बनवणारा एक म्हातारा बसायचा. मधल्या काळात एकदा तो म्हणाला होता, परगावच्या स्टँडवर तुमचे यजमान दिसले, हाक मारेपर्यंत गर्दीत गेले. तेवढ्यावर मावशी तग धरून होती.

"ते गाळ गं, मावशी!" मी ओरडलेच. "रस्त्यावर यायचंय का आपल्याला?"

"ऐकलंय ना मी? मग लिहायला नको?"

"अगं, सगळं बोंबलेल!"

"बोंबलू दे. जन्मभर लोकांना दम दिला, आता मीच लबाडी करू?"

मी इतकी चिडले की रात्री तिच्याशी बोललेही नाही. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, मग किल्लीवाल्याचंही प्रतिज्ञापत्र लागेल, ते दुसऱ्या कुणाकडून टाइप करून घ्या. मावशी ऐकेल तर शपथ!

म्हातारा तिच्यासमोर स्टुलावर बसला.

"कुठल्या गावचा स्टँड? अंगात काय होतं त्यांच्या?" तो हातातली कानस नुसती फिरवत राहिला.

"हे बघ दादा, शपथेवर सांगायचंय. स्वतः पाहिलंस, की कुणी सांगितलं?"

"दोन्ही नाही, बाई." त्याला रडूच फुटलं. "तुम्ही जेवण टाकलं होतं. डबा तसाच घरी न्यायच्या. बघवेना, म्हणून बोलून गेलो. त्या दुपारी तुम्ही जेवलात. मग खरं सांगायची छाती होईना."

मला वाटलं, आता ही त्याला फाडून खाणार. पण तिने त्याचं म्हणणं जसंच्या तसं टाइप केलं, वाचून दाखवलं, त्याला नोटरीसाहेबांकडे नेलं. परत येऊन आपल्या कागदावर, त्याने जे आधी सांगितलं होतं आणि आज जे सांगितलं, दोन्ही लिहिलं.

आमची खोली राहिली. निकाल हातात पडला त्या संध्याकाळी मी तिला घट्ट मिठी मारली. "मावशी, सुटलो गं!"

"हो गं बाई. छप्पर राहिलं," ती म्हणाली. "पण माझा माणूस आज गेला."

आणि तिथेच, उंबऱ्यात बसून ती ढसाढसा रडली. इतक्या वर्षांत मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. तिच्या शेजारी बसून मीही रडले. बऱ्याच वेळाने तिने पदराने तोंड पुसलं.

"उद्या किल्लीवाल्याला सांग," ती म्हणाली, "माझा राग नाही म्हणावं. त्याच्यामुळे इतकी वर्षं मला अन्न गोड लागलं."