झाकण

शेवटच्या दिवशी सकाळी बाबा भर पावसात मनोऱ्यावर चढले. हातात बर्चच्या डहाळ्यांचा हार. आमच्याकडे काम पुरं झालं की सुतार वर हार बांधतो, आणि मालकाने बिअर पाजल्याशिवाय तो उतरवत नाही. एस्टोनियाभर सत्तावीस मनोरे बांधले बाबांनी. पक्षी बघायला, दलदल बघायला. हा आमच्या गावचा.

वर गेले आणि जिन्याच्या तोंडावरचं झाकण बूट आपटून लावून घेतलं. वारा फार होता. ते तिथंच अडकलं.

दुपारी मी डबा घेऊन गेले तर बाबा कठड्यावरून ओणवून म्हणाले, "माइरे, हसू नकोस. मी कोंडलोय."

मी हसलेच. "स्वतःच बांधलेल्या पिंजऱ्यात?"

"तुझी आई असती तर हेच म्हणाली असती. ढकल खालून."

जिन्यावर उभी राहून खांदा लावला, डोकं लावलं. हलेना. वरून धरायला काहीच नाही, कडी बसवायची राहिली होती.

"माझीच चूक," वरून म्हणाले. "जन्मभर गावचं ओलं लाकूड वापरलं. ते वाळून आक्रसतं म्हणून फळ्या घट्ट बसवायच्या. या फळ्या कारखान्यात वाळवलेल्या, पावसात फुगणाऱ्या. फट ठेवायला हवी होती. हाताला सवय नाही ना."

मी फोन काढला. "अग्निशमनवाल्यांना बोलावते."

"खबरदार! उद्या उद्घाटनाला सगळा गाव येणार. हेइनो सुताराला शिडी लावून उतरवला, हेच बोलत बसतील मी मरेपर्यंत. शेजारच्या आर्वोकडून पहार आण. कशाला ते सांगू नकोस."

"थंडी वाजतेय ना?"

"तू बोलत बसलीस की जास्त वाजते. पळ."

तोंड पांढरं पडलं होतं त्यांचं. मला दिसलं होतं. तरी फोन खिशात ठेवला. बाबांनी नाही म्हटलं की आमच्या घरात नाहीच असायचं.

दलदलीतून फळ्यांच्या वाटेने जायला तास, यायला तास. आर्वोकाका ऐकेनात, बरोबर आले. पहार घालून त्यांनी झाकण उचकटलं. बाबा कठड्याला टेकून बसलेले, डोक्याच्या वर खांबाला हार नीट बांधलेला. मला वाटलं, डोळा लागलाय. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

उद्घाटन झालं नाही. माती झाल्यावर आठवडाभर कडक ऊन पडलं. मग हार उतरवायला मी एकटीच गेले. बाबांना खाली आणल्यावर आर्वोकाकांनी झाकण पुन्हा लावलं होतं. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर दोन्ही पाय रोवले, खांदा लावायला वाकले. डोकं नुसतं टेकलं, तर झाकण उघडलं.