वाटणीत राहून गेलेलं वायफाय

वाटणीच्या वेळी आमच्या घरातला पाटा थोरल्या भाऊजींकडे गेला आणि वरवंटा आमच्याकडे आला. हे कुणी ठरवून केलं नव्हतं. पंच म्हणून बसलेल्या मामांनी एक वस्तू इकडे, एक तिकडे असा सपाटा लावला होता, त्यात जोडी फुटते आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. नंतर मात्र दोन्हींपैकी एकही घर मागायला गेलं नाही. मिक्सर होते म्हणून कुणाचं अडलं नाही, पण आमची माणसं कोणत्या मातीची आहेत ते मला तेव्हा कळलं. एका दगडासाठी भावाचं दार वाजवायचं म्हणजे यांना जिवावर येतं.

मग अंगणाच्या मधोमध भिंत आली. सेलूत आमच्या गल्लीत अशा भिंती पुष्कळ आहेत, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. पितळी भांडी, गोधड्या, लोखंडी कपाटं, गच्चीवरच्या टाक्या, सगळं वाटलं गेलं. राहिलं ते फक्त वायफाय. घर एक होतं तेव्हा घेतलेलं कनेक्शन, त्याची डबी बैठकीत खिळ्याला टांगलेली. ती खोली आमच्या वाट्याला आली म्हणून डबीही आली. पासवर्ड दोन्ही घरांना ठाऊक होता आणि पलीकडचा टीव्हीही पहिल्यापासून त्यालाच जोडलेला होता. भिंतीतून आरपार जाणाऱ्या गोष्टीची वाटणी करायची असते हे मामांना सुचलं नाही, आणि आम्हालाही सुचलं नाही.

लोकांना वाटतं भांडण जमिनीचं होतं. आम्हीही तसं वाटू देतो. भांडण होतं सासूबाईंच्या मरणाचं. त्या गेल्या ते पेरणीचे दिवस. थोरले भाऊजी पाथरीकडच्या शेतात आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपटात, मुक्कामाला होते. घरी सासूबाईंना दम लागत होता, पण तो जुनाच दमा, औषधाने बसायचा. या वेळी बसला नाही. सकाळी त्या गेल्या आणि मग भाऊजींना फोन गेला. ते आले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. आईच्या पायाशी बसून त्यांनी धाकट्या भावाला एवढंच विचारलं, "जिती होती तवा का न्हाई बोलावलंस?" माझा नवरा खाली मान घालून उभा राहिला. उत्तर होतं त्यांच्याकडे, पण त्यांनी ते दिलं नाही. त्यानंतर दोघं भाऊ बोलले ते पंचांमार्फत, आणि पंच उठून गेल्यावर तेही संपलं.

आमचे हे मोटारी बांधतात, म्हणजे जळालेल्या पंपांमध्ये नवी तार भरतात. कापसाच्या मार्केटच्या रस्त्यावर दुकान आहे. दिवसभर तांब्याची तार आणि वार्निशचा वास, त्यामुळे घरी आल्यावर यांना गाणं लागतं. वाटणीनंतर घर फार शांत झालं म्हणून यांनी एक म्युझिक स्ट्रीमर मागवला. काळा चपटा डबा. त्याला पडदा नाही, कॅसेट नाही, काही नाही. वायफायवरून गाणी ओढून घ्यायची, नाहीतर मागे जोडलेल्या हार्डडिस्कवरची वाजवायची, एवढंच त्याचं काम. मी त्याला डबडं म्हणायचे. सुरू करताना त्याने नाव विचारलं तर यांनी 'घर' असं लिहून टाकलं. दुसरं काही सुचलं नाही म्हणे.

पुढे यांचा मोबाइल भरला. भरला कशाने, तर आईच्या व्हिडिओंनी. सासूबाई धपाटे थापायला बसल्या की हे समोर मोबाइल धरायचे आणि त्या मोबाइललाच रागवायच्या, "सर की मेल्या, उजेड अडवायलास." कुरडया घालतानाचा एक, शेजारच्या म्हातारीशी पैजेने शेंगा फोडतानाचा एक, नुसत्या बसून सगळ्या गावाला नावं ठेवतानाचे तर कितीतरी. ते सगळे यांनी त्या हार्डडिस्कवर टाकले. मी म्हटलं, गाण्याच्या डबड्याला व्हिडिओचं काय कळतंय? खरंच त्याला कळत नव्हतं, त्याच्या यादीत फक्त गाणी दिसायची. पण माझा नवरा बंद पडलेली मोटार उघडल्याशिवाय न राहणारा माणूस. यांनी सेटिंगमध्ये खोल शिरून शोधून काढलं की डबडं स्वतः व्हिडिओ दाखवत नसलं तरी घरच्या वायफायवर असलेल्या कुठल्याही टीव्हीला आपली डिस्क उघडून देतं. ते चालू केलं आणि आमच्या टीव्हीवर 'घर' असं नाव उगवलं. त्यावर दाबलं तर सासूबाई, भिंतभर मोठ्या, पिठाने भरलेल्या हातांनी. आमचं दोघींचं फार गुळपीठ होतं अशातला भाग नाही, पण मी हातातली भाजी खाली ठेवली आणि रडले.

माझी शाळा सकाळची. दुपारी मी घरी एकटीच असते. एका दुपारी वह्या तपासताना लक्ष गेलं, डबड्यामागच्या हार्डडिस्कचा दिवा फडफडत होता. डिस्कवरचं काही चालू असलं की तो तसा फडफडतो. पण गाणं चालू नव्हतं आणि आमचा टीव्हीही बंद होता. मी दुकानात फोन लावला. "तुमी तिथून काही लावलंय का?"

"मी इथं मोटार उघडून बसलोय. मी कुठं काय लावू?"

संध्याकाळी यांनी मोबाइलवर डबड्याचं ॲप उघडलं. कोणता टीव्ही काय पाहतो आहे ते त्यात दिसतं. नाव होतं 'दादाचा टीव्ही'. ते नाव यांनीच दिलं होतं, घर एक असताना, थोरल्या भाऊजींना टीव्ही जोडून देताना. आणि पाहिलेला व्हिडिओ होता धपाट्यांचा.

मला आधी हसू आलं. म्हटलं, भाऊजी पकडले गेले चांगले, वरवंटा नको पण धपाटे हवेत. पण हे हसले नाहीत. मोबाइल उलटा ठेवून म्हणाले, "हे त्येला कळू द्यायचं न्हाई. आपल्याला ठाव हाय असं कळलं तर तो बघायचं सोडून देईल."

"मग जा की तुमी. उठून जा अन् सांगा, दादा, आणखी हायेत माझ्याकडं."

"तू गप."

माझा हा स्वभावच आहे, मला गोष्ट तोंडावर बोलून मोकळी केलेली बरी वाटते. या घरातली माणसं बोलत नाहीत, लग्न होऊन आल्यापासून मी त्या एका गोष्टीवर चिडत आले आहे. पण या वेळी मी गप्प राहिले, कारण पुढे यांनी जे सुरू केलं ते पाहायला मला आवडत होतं. यांनी पाहुण्यांकडून लग्नांच्या जुन्या सीड्या मागवल्या आणि त्यात सासूबाई जिथे जिथे दिसतात तेवढे तुकडे कापून डिस्कवर टाकले. झरीच्या मावशीकडून एक तुकडा आला, त्यात सासूबाई दोन्ही पोरांना एकाच ताटात जेवायला बसवून वाढताहेत, दोघं मिशा फुटलेली, आणि "थोरल्याला भाकरी दे, धाकट्याला आधीच जास्ती झालंय" असं म्हणताहेत. तो टाकताना हे फाइलला नाव काय द्यायचं म्हणून बराच वेळ बसले. शेवटी 'आई वाढताना, दादा पण आहे' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दिवा फडफडला, थांबला, पुन्हा फडफडला. मी दुकानात फोन करून सांगितलं तर पलीकडून नुसता "हं" आला. पण त्या संध्याकाळी हे बाहेरून भजी घेऊन आले.

असं चाललं होतं. भाऊ भावाशी बोलत नव्हता, पण रोज काहीतरी वाढून ठेवत होता आणि दुसरा ते जेवून जात होता. मला वाटायचं, होईल, हळूहळू होईल. आणि मला आज वाईट वाटतं ते याचंच, की ते चाललं होतं तसं आम्हाला चालू ठेवता आलं नाही.

कारण एक व्हिडिओ यांनी डिस्कवर टाकला नव्हता. तो मोबाइलमध्येच होता. सासूबाई जायच्या आदल्या दिवशीचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, श्वास कसा घेतात त्याचा व्हिडिओ काढून पाठवा, म्हणून काढलेला. त्यात त्या उशीला टेकून बसल्या आहेत आणि छाती वरखाली होते आहे. यांचा आवाज ऐकू येतो, "आई, दादाला फोन लावतो." आणि त्या हात हलवून, मध्ये मध्ये थांबत म्हणतात, "नको. त्येला सांगू नको. पेरणी टाकून पळत यील. वाफसा गेला तर साल जाईल त्येचं. मला काय झालंय? नको बोलावू." जमिनीत पेरणीपुरती ओल असते ते दोन-चार दिवस, त्याला वाफसा म्हणतात. त्या दिवसांत शेतकऱ्याला कुणी हाक मारत नाही, हे सासूबाई जन्मभर पाळत आल्या होत्या.

हेच ते उत्तर, जे अंगणात माणसं जमलेली असताना माझ्या नवऱ्याने दिलं नाही. मी विचारलं होतं तेव्हा का, तर म्हणाले, "आईचं मढं समोर अन् मी तिचं नाव सांगून सुटू व्हय?" मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. खरं ते खरं. मी म्हणायचे, आता तर तुम्हाला काही बोलायचीही गरज नाही. डिस्कवर टाका, ते बघतील, कळेल, दोघांच्या मनावरचं ओझं उतरेल. हे नाही म्हणायचे. मी पुन्हा म्हणायचे. मग मी थकून तो विषय सोडला, आणि विषय सोडल्यावर एका रविवारी यांनी आपणहून तो टाकला. मला विचारलं नाही. फाइलला नावही दिलं नाही, मोबाइलने दिलेले आकडे तसेच राहू दिले. मला म्हणाले, "दिवाळी तोंडावर आलीय. या साली तरी एका ठिकाणी व्हावी."

सोमवारी मी शाळेतून आले तेव्हा दिवा फडफडतच होता. संपूर्ण दुपार फडफडत होता. व्हिडिओ तर दोन मिनिटांचाही नाही. मी वह्या घेऊन बसले आणि एकही तपासली नाही. मला इतकं बरं वाटत होतं की मी पुरणाची डाळ भिजत घालावी का, असाही विचार केला.

संध्याकाळी हे दुकानातून आले आणि थोड्याच वेळात दार वाजलं. थोरल्या जाऊबाई होत्या. भिंत झाल्यापासून पहिल्यांदा त्यांनी आमचा उंबरा ओलांडला. मी पाट द्यायला गेले तर त्या उभ्याच राहिल्या आणि यांच्याकडे पाहून म्हणाल्या, "भाऊजी, ते आजचं काढून टाका."

 मीच म्हटलं, "अक्का, खरं काय ते त्यांना कळावं म्हणून टाकलं."

"कळलं की," जाऊबाई म्हणाल्या. "सकाळपासून जेवले न्हाईत. तेच ते लावून बसलेत. तिनं नको म्हणलेलं ऐकायचं अन् पुन्हा मागं न्यायचं. ते तुमच्यावर चिडून होते भाऊजी, मी काय खोटं बोलत न्हाई. लय शिव्या घालायचे तुमाला. पण चिडून का हुईना, जेवायचे, झोपायचे. आपल्याला भावानं बोलावलं न्हाई, नाहीतर आपून आलो असतो, आईनं वाट बघितली असंल, असं म्हणायचे. आता काय म्हणावं? भावावर रुसता येतं. मेलेल्या आईवर कसं रुसावं माणसानं?"

मी सांगायला लागले की सासूबाईंनी मायेपोटीच नको म्हटलं, त्यांच्या पेरणीसाठी म्हटलं. जाऊबाईंनी मान हलवली. त्यांना ते माझ्याआधी कळलं होतं. "ते त्येंनाबी कळतंय," त्या म्हणाल्या. "म्हणून तर जास्ती लागायलंय."

यांनी त्यांच्यासमोरच मोबाइल काढला आणि ती फाइल डिस्कवरून पुसली. मग विचारलं, "बाकीचे राहू देऊ का, वहिनी?"

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "पण ते आता बघत्याल असं मला वाटत न्हाई. मघाशी मी धपाट्याचं लावू का म्हणलं, तर म्हणले, नको, आई त्यात अजून काय बोललेली असंल कुणाला ठाव."

त्या चहा न घेता गेल्या. दिवाळी आम्ही आमच्याकडे केली, त्यांनी त्यांच्याकडे. मोबाइलमधला तो व्हिडिओ यांनी ठेवला की पुसला, हे मी अजून विचारलेलं नाही. थोरले भाऊजी आता गल्लीत समोरून आले तर मान वळवत नाहीत. थांबतात, माझ्या नवऱ्याकडे पाहतात, आणि दोघांपैकी कुणालाच काही बोलायला सापडत नाही.