अकोल्याच्या आइस किंग्जचं एक प्रमाणपत्र

अकोल्यात 'आइस किंग्ज' नावाचा हॉकी संघ होता, असं पुण्यात कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात. मार्चमध्येच दुपारचे रस्ते ओस पडतात त्या गावात बर्फाचे राजे, म्हणजे हसण्यासारखंच आहे. मीही बरीच वर्षं हसले. माझा धाकटा भाऊ मंगेश त्या संघाचा गोलकीपर आणि कप्तान होता, तरीही.

या वेळची सहल त्याच्यासाठी होती. लिपिकपदाची जाहिरात निघाली होती, त्यात खेळाडूंसाठी राखीव जागा होत्या आणि मंगेशचं वय या वर्षीच मर्यादेबाहेर जाणार होतं. उजवा गुडघा गेल्यामुळे त्याला उकिडवं बसता येत नाही. आमची अमरावतीजवळ झेंडूची आणि वांग्याची शेती. उकिडवं न बसता ती कशी करायची, हे मला कुणीतरी सांगावं. त्याला खुर्चीवरचं काम हवं होतं आणि त्यासाठी एक प्रमाणपत्र हवं होतं. मी चार दिवसांची रजा टाकली आणि पुण्याहून सकाळी बडनेऱ्याला उतरले.

बडनेऱ्याहून अमरावतीला ऑटो मिळतात; भाडं आधी ठरवा, नाहीतर पुढे उगाच तोंड वाजवावं लागतं. मंगेश शहरात मला घ्यायला आला होता. आधी गिला वडा खाल्ला. अमरावतीला येऊन दह्यातला गिला वडा न खाता परत जाणाऱ्यांशी मी बोलत नाही. चाळीस रुपयांत प्लेट, वरून चटणी मागून घ्यायची. मंगेशने अर्धा खाऊन बाजूला ठेवला.

तिथून आम्ही सरकारी कार्यालयात गेलो. खिडकीमागच्या बाईंनी कागद नीट वाचले, हेही सांगायला हवं, कारण अशा ठिकाणी मी भांडायच्या तयारीनेच जाते.

"ही लीग खासगी आहे," त्या म्हणाल्या. "पगार घेऊन खेळलेले सामने यात धरत नाहीत. मान्यताप्राप्त संघटनेची राज्य स्पर्धा खेळलेत का? त्याचं प्रमाणपत्र आणा, मी स्वतः पुढे पाठवते."

मला एकदम आठवलं. माझ्या लग्नानंतर मंगेशने फोन करून सांगितलं होतं की राज्य स्पर्धेची तयारी सुरू आहे. मी तिथेच विचारलं, "गेला होतास ना तू?"

"हाव," तो म्हणाला. तो भिंतीवरचा पंखा बघत होता. "कागद वानखडे सरांपाशी असन. पातूरले."

वानखडे सर म्हणजे संघाचे सचिव, निवृत्त ड्रिल मास्तर. त्यांचा फोन लागत नव्हता. म्हणून दुसऱ्या दिवशी मावसभावाची जुनी गाडी घेऊन आम्ही निघालो. अमरावती ते अकोला दोन तास धरा, वाटेत मूर्तिजापूरला चहाला थांबा. रस्ता चांगला आहे. दोन्ही बाजूंना काढणीला आलेला हरभरा आणि मध्येच नांगरून ठेवलेली काळी रानं. मी गाडी चालवत होते आणि मंगेश पाय लांब करून बसला होता. मी विचारत गेले तसा तो बोलू लागला. इतकं बोलताना मी त्याला कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

संघ काढला पुरुषोत्तमभाऊंनी. ते अकोल्याच्या भाजीबाजारातले मोठे अडते. एकदा सहकुटुंब हिमाचलला गेले, तिथे गोठलेल्या पाण्यावर पोरं हॉकी खेळताना पाहिली आणि परत आले ते वेड घेऊनच. अकोल्यात बर्फ मिळतो तो उसाच्या रसात, मग भाऊंनी चाकांचे स्केट्स मागवले. त्यांच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचं सिमेंटचं अंगण मोठं होतं, त्याला फळ्यांचं कुंपण घातलं. आजूबाजूच्या चार शहरांतल्या त्यांच्यासारख्याच हौशी माणसांनी चार संघ काढले आणि लीग सुरू झाली. खेळाडूंना दर महिन्याला पगार मिळायचा. जर्सीवर छातीभर हिमशिखर छापलेलं होतं. सामने पहाटे व्हायचे, कारण उन्हात सिमेंटवर हात टेकवत नव्हता.

"बाहेरगावी कसे जायचे?" मी विचारलं.

"भाऊच्या टेम्पोत. फुलकोबी उतरवली का आमी चढलो. यवतमाळचे पोट्टे म्हनत, आले भाजीवाले." तो हसला. "पन माह्यावर गोल कराले घाम फुटे त्याईले."

चार मोसम हे चाललं. घरात आम्ही त्याला काय म्हणत होतो? 'चाकावरचा साहेब' म्हणत होतो. बाबा म्हणायचे, ती लाकडं टाक आणि रानात चल. मी एकही सामना पाहिला नाही. पुणं काही परदेशात नव्हतं.

अकोल्यात आधी जिनिंगवर गेलो. तिथे आता मंगल कार्यालय आहे. फाटकावर सोनेरी कमान, आत प्लास्टिकच्या खुर्च्यांची थप्पी. आदल्या दिवशीचं लग्न उरकलेलं होतं आणि एक बाई अक्षता झाडून एका कोपऱ्यात ढीग लावत होती. फरशी अशी चकचकीत की पंखे उलटे दिसत होते. मी चपला काढून आत गेले, फोटो काढले, मंगेशला हाक मारली. तो उंबऱ्याच्या आत आला नाही.

"इथंच होतं का मैदान?"

"हाव."

"मग ये ना, गोल कुठे होता ते दाखव."

"तिथूनच पाह्य तू," तो म्हणाला आणि गाडीकडे गेला. मला वाटलं, पाय दुखत असेल.

दुपारी पातूर. अकोल्याहून पाऊण तास. जवळच्या टेकडीत जुनी लेणी आहेत, पाणी आणि टोपी बरोबर ठेवा. प्रवासवर्णन लिहायचं म्हणून मी वर जाऊन आले. थंडगार कातळ आणि पूर्ण शांतता. वरून खाली पाहिलं तर मंगेश गाडीच्या सावलीत दोन्ही हातांनी गुडघा दाबत बसला होता. मग लेण्यांत माझं मन लागलं नाही.

वानखडे सर अंगणात खाटेवर बसले होते. मंगेशला पाहताच उठायला लागले. "अरे कप्तान, ये बाप्पा ये." सुनेला चहा टाकायला सांगितला, गुडघ्याची चौकशी केली. मी त्यांची मोठी मुलगी असल्यासारखी सरळ मुद्द्यावर आले आणि राज्य स्पर्धेचं प्रमाणपत्र मागितलं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग मंगेशकडे. "तुनं हिले सांगतलं नाई का रे?"

मंगेश कपाच्या कानाशी खेळत राहिला.

"पोरी, आमी गेलोच नाई तिथं," सर म्हणाले. "जुनं सिमेंट खरबड होतं, चाकं झिजत. म्हून भाऊनं नवी फरशी टाकली. कारागीर मंगल कार्यालयाचे, त्याईनं तशीच घोटून देल्ली. आमाले काय समजे? आमाले वाटलं, बर्फावानी झाली. उद्घाटन आखाजीले ठरलं, अन् राज्य स्पर्धा बी त्याच दिवशी निंगाली. भाऊ म्हने, आखाजीचा मुहूर्त मोडाचा नाई, स्पर्धा पुढच्या सालीबी होते. म्या म्हनलं, पोरायले इचारा. हात वर कराले लावले."

"मग?"

"पयला हात कप्तानाचा."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या दिवशी सुरू केलेलं काम कधी संपत नाही, या समजुतीवर आमच्या घरानेही दोन विहिरी खणल्या आहेत, त्यामुळे मी कुणाला नावं ठेवू?

सर पुढे सांगत गेले. मैदानाच्या मधोमध पूजा झाली. नारळ फुटला. भटजींनी मंत्र म्हटले आणि सातशे-आठशे लोकांनी चारही बाजूंनी अक्षता टाकल्या, नवरानवरीवर टाकतात तशा. सगळ्या मैदानावर तांदूळ. "पुजेच्या अक्षताईले झाडू कसा लावाव? कोनी लावला नाई. म्यानंच शिट्टी वाजवली." तिसऱ्याच मिनिटाला मंगेश चेंडू अडवायला गोल सोडून पुढे आला. घोटलेल्या फरशीवर चाकाखाली दाणे आले, पाय एकीकडे गेला आणि गुडघा दुसरीकडे.

घरी आम्हाला एवढंच कळलं होतं की सामन्यात पडला. त्या दिवशी तो राज्य स्पर्धेत असायला हवा होता, हे मला त्या अंगणात, इतक्या वर्षांनी कळलं. त्या फरशीवर खेळायला बाकीचे संघ आले नाहीत. लीग त्याच उन्हाळ्यात बसली. भाऊंनी जागा लग्नांना द्यायला सुरुवात केली आणि पुढे तेही वारले.

"म्या पत्र लिहून देतो," सर म्हणाले. "खेळला म्हून. चार साल खेळला." त्यांनी खरंच लिहून दिलं, तारीख टाकली, सही केली. त्याचा उपयोग नाही हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मी ते घडी न घालता फाइलमध्ये ठेवलं.

परतीच्या वाटेवर मी बरीच चिडले. दोन दिवस, पेट्रोल, रजा, कशासाठी? तुला पहिल्यापासून ठाऊक होतं, मग कार्यालयातच का नाही सांगितलंस?

मूर्तिजापूरजवळ त्याने काच खाली केली. मग म्हणाला, "सांगतलं असतं तं तू तिथूनच वापस गेली असती, ताई. आजपावतर घरात कोनी इचारलं का, मी कसा खेळो? दोन दिवस तू इचारून राहिली होती."

मला गाडी बाजूला घ्यावी लागली. मला रडू आलं आणि लाज वाटली, दोन्ही. रडून झाल्यावर मी त्याला विचारलं की यवतमाळच्या पोरांनी त्याच्यावर एकूण किती गोल केले. त्याने मोजून सांगितले. अमरावती येईपर्यंत आम्ही तेच बोलत होतो.

आता पुण्यात आहे. सहलीतून काय उरलं म्हणाल तर फोनमध्ये एका मंगल कार्यालयाचे अकरा फोटो आणि डोक्यात एक खंत, की त्या चार वर्षांत एकदा जरी पहाटे उठून अकोल्याला गेले असते. अमरावती, अकोला, पातूर तीन दिवसांत आरामात होतं, जरूर जा.

काल अर्जाचा शेवटचा दिवस होता. मंगेशने सर्वसाधारण जागेसाठी तरी भर म्हटलं, म्हणून मी इथून भरत होते आणि तो फोनवर होता. नाव, पत्ता, शिक्षण झालं. पुढे प्रश्न आला: आपण खेळाडू आहात का? 'होय' केलं की खाली प्रमाणपत्र जोडण्याची लाल चौकट उघडत होती. मी त्याला वाचून दाखवलं आणि थांबले.

मग तो म्हणाला, "नाई लिव."

मी 'नाही' निवडलं. पुढचं पान लगेच उघडलं.